आईच्या मापाची गाडी

प्रिय भिंगरी,

गाडी फुकटात झाली असं तुझा मामा भेटेल त्याला सांगत सुटलाय. भंगारातून उभी केली, बाहेरचं काही आणलं नाही, घरच्या घरी झाली, वगैरे वगैरे. तुलाही त्याने फोनवर हेच ऐकवलं असणार. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, खरा हिशेब मी सांगतो. मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट गेलं, तेही आरशासकट. जेवणाच्या टेबलाची एक बाजू गेली, त्यामुळे मी आणि तुझा भाऊ आता भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी जेवतो, बसमध्ये बसल्यासारखे. स्वयंपाकघराच्या खिडकीचे दोन गज गेले आणि त्या वाटेने शेजारची मांजर आमच्याकडे राहायला आली. मामाची उजवी भुवई जळाली. ती परत येतेय असं तो म्हणतो, मला काही दिसत नाही. तुझ्या भावाच्या वर्षभराच्या सुट्ट्या संपल्या. आणि एक वाक्य गेलं. ते कसं गेलं तेच सांगायला बसलोय, पण मला एकदम तिथं पोचता यायचं नाही. जरा लांबच्या रस्त्याने येतो, तू धीर धर.

बाळाचा फोटो मिळाला. मोठा करून घेतला आणि दुकानात काउंटरच्या मागे लावला. गिऱ्हाईक शिलाई मशीन दाखवायला येतं, आधी फोटो बघतं, नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं यावर बोलतं, आणि मशीनकडे वळेपर्यंत माझा चहा गार होतो. परवा फोनवर तिचं रडणं ऐकलं. आवाज मोकळा आहे, छातीतून येतो, मधे कुठं अडकत नाही. मशीन असतं तर म्हणालो असतो, काही करायची गरज नाही, चालवा बिनधास्त. तू मला झोप लागते का, जेवता का, दुकान उघडता का, असं सगळं विचारलंस. लागते, जेवतो, उघडतो. आणखी एक गोष्ट विचारली होतीस. ते फोनवर नको, पत्रात लिहितो असं मी म्हटलं. तरी तू पुढच्या फोनला परत विचारलंस आणि मी गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक आलं नव्हतं.

माझ्या कानांची गोष्ट तुला पाठ आहे, पण आज पुन्हा ऐक. कपड्यांच्या कारखान्यात मी मशीन दुरुस्तीला लागलो तेव्हा माझं भांडवल म्हणजे एक पाना, तेलाची बुधली आणि हे दोन कान. शंभरएक मशीनं एका छपराखाली. हॉलमध्ये शिरलं की दात हलतायत असं वाटायचं. बाकीचे मेकॅनिक मशीन उघडून बघायचे, मी ऐकून बघायचो. दारात उभा राहायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो, खिडकीकडच्या रांगेतलं शेवटून दुसरं कोरडं पडलंय. सुपरवायझर जाऊन बघायचा तर खरंच कोरडं. याच कानांवर पुढे स्वतःचं दुकान काढलं, घर बांधलं, तुम्हा दोघांना शिकवलं. शाळेने मला लवकर सोडलं होतं, कानांनी नाही सोडलं.

तुझी आई हॉलच्या पार त्या टोकाला, कापड कापायच्या लांब टेबलाशी. थरावर थर अंथरायचे आणि ती मोठी काळी कात्री घेऊन एका दमात कापत जायचं. तिचं कापलेलं कधी दुसऱ्यांदा मापावं लागलं नाही. एक दिवस मी नेहमीसारखा दारात डोळे मिटून मशीनं ऐकत उभा होतो. सगळा हॉल भरात चाललेला. तिने त्या टोकाहून मान वर केली आणि आवाज जराही न चढवता म्हणाली, 'मेकॅनिक, शर्टाचं बटण चुकलंय.' मी इकडे शर्टाकडे बघितलं, पाना खाली ठेवला आणि वरपासून सगळी बटणं काढून पुन्हा लावली. तिच्या शेजारच्या बायका बघतच राहिल्या. एवढ्या गोंगाटात याला ऐकू आलं? तिथून माझ्या कानांचा जो बोलबाला झाला तो आजपर्यंत. लग्नात तेच, पाहुण्यांत तेच, तुमच्या शाळेच्या संमेलनातसुद्धा मी ते सांगितलं आणि तू टेबलाखाली लपलीस. शंभर मशीनं चालू असू देत, हिची हाक मला ऐकू येते, असं मी छाती फुगवून सांगायचो आणि ती बाजूला बसून गालात हसायची. लग्नानंतर फरक एवढाच पडला की 'मेकॅनिक'च्या आधी 'अहो' लागलं, तेही चार लोकांत.

गेल्या वर्षी तिची कात्री मिटेनाशी झाली. आम्ही असंच म्हणायचो, कात्री मिटत नाही. हात मिटत नाही हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. हत्यारांवर जगलेली माणसं आम्ही, काही अडलं की आधी हत्याराकडे बघणार. तिने कात्री धारवाल्याकडे दिली. तो म्हणाला, बाई, या कात्रीने दाढी होईल. तिने दुसरा धारवाला शोधला. मग मी तिचा स्क्रू थोडा ढिला केला, तेल सोडलं, पाती एकमेकांवरून जातानाचा आवाज ऐकला आणि मोठ्या ऐटीत तिच्या हातात दिली. तिने दोन्ही हातांनी धरून एकच थर कापला आणि म्हणाली, हं, आता बरी चालते. ते माझ्यासाठी म्हणाली. पुढे डॉक्टरांनी तिची बोटं आपल्या हातात घेतली आणि जोरात दाबा म्हणाले, तेव्हा कात्रीचा विषय संपला. स्नायू बंद पडत जाणार होते. आधी हात, मग पाय, पाठ, मान, मग बोलणं, मग श्वास. माणूस चांगला होता, त्याने काही लपवलं नाही. मी विचारलं, यातला कुठला पार्ट बदलता येतो. तो म्हणाला, कुठलाच नाही.

त्याच सुमाराला तुझी गोड बातमी आली. तिने मला आणि तुझ्या भावाला समोर बसवून ताकीद दिली, पोरीला एवढंच सांगायचं की हाताला मुंग्या येतात. तुला खरं कळलं तोवर तुला तिकडे पलंगावरून उठायची बंदी झाली होती. तू तिकडे पडून, ही इकडे खुर्चीत, आणि मधे फोन. तू स्वतःला जो दोष देतेस तो आता पुरे कर. तिने तो तुला कधी दिला नाही, आणि हे मी मनाचं सांगत नाही, ते तिने मला धडधडीत सांगितलं होतं, बोलता येत होतं तेव्हा.

त्या दिवशी दवाखान्यातून आलो आणि ती घरात न जाता मागच्या अंगणात बसली. कोपऱ्यात ताडपत्रीखाली आपली जुनी मोटारसायकल. मी कारखान्याच्या फाटकावर तिला आणायला जायचो ती. तू टाकीवर पुढे बसायचीस आणि हॉर्न सोडायची नाहीस, ती. ताडपत्रीकडे बघत ती म्हणाली, 'ती एकदा चालू करा. मला बसायचंय.' मी नवी घेऊ म्हणालो, कुणाची मागून आणू म्हणालो. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी ताडपत्री काढली. इंजिन जाम, टायर दगड, मागच्या चाकाच्या तारांत पाखरांनी घरटं करून सोडून दिलेलं.

इंजिन माझ्याकडे, लोखंडकाम मामाकडे, अशी वाटणी झाली. जन्मभर खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवलेला माणूस तो. मोटारसायकललासुद्धा नक्षी करायला निघाला होता, तिने आवरला. तुझा भाऊ दिवसभर ऑफिसात बसून पडद्यावरचे आकडे इकडचे तिकडे करतो म्हणून मामाने त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली आणि आता आम्ही सगळेच म्हणतो. साहेबाला काय काम द्यायचं हा प्रश्नच होता. ती म्हणाली, त्याला माझ्याकडे द्या. आणि तिने त्याला शिलाई मशीनवर बसवला. स्वतः मागे खुर्चीत. टाका वाकडा गेला की न बघता आवाजावरून सांगायची, उसव. तो उसवायचा.

पहिला बेत साधा होता. मागच्या सीटला पाठ टेकायला एक कमान आणि धरायला दोन कड्या. मामाने करून आणल्या, तिला वर बसवली, तर कड्या धरवेनात. म्हटलं पट्टा लावू. साहेबाने पट्टा शिवला, तोवर पाठ ताठ राहीना. मग दोन्ही कुशींनी घट्ट धरणारी खुर्चीच करू म्हणून मामा गज वाकवायला बसला, आणि गज वाकेपर्यंत मान पडली. आम्ही एक दार बंद करून वळायचं तोवर आजार दुसऱ्या दाराने आत. मामा एकदा हातातलं टाकून म्हणाला, 'ताई, जरा दमानं घे ग, माझं वेल्डिंग तरी गार होऊ दे.' ती खूप हसली. हसता हसता ठसका लागला, मी पाठ चोळत बसलो. मामा कोपऱ्यात जाऊन चष्मा पुसत राहिला. वेल्डिंगचा काळा चष्मा, तो पुसून काय दिसणार होतं त्याला?

शेवटी साइडकार करायची ठरली. गाडीच्या अंगाला जोडलेली, तिसऱ्या चाकावरची लहानशी होडी, तिच्यात ती टेकून बसेल. कपाट गेलं ते तेव्हा. टेबलाचा तळ झाला, गजांचा सांगाडा झाला, कपाटाचा पत्रा वरून बसला. तिला उचलून आत ठेवायला बाजूने दार हवं होतं, तर मामाने कपाटाचंच दार कापून बसवलं, मुठीसकट आणि कुलपासकट. सांगाड्याआधी तिने खाकी कागद मागवला. आयुष्यभर कोट कापले तशी तिने ती साइडकार कापली: पाठीचा भाग, दोन कुशी, तळ, गळा. म्हणजे ती सांगायची आणि साहेब टेप धरून तिचं माप घ्यायचा. फोन धरल्यासारखी टेप धरू नकोस, चावत नाही ती, असं ती त्याला म्हणायची. तो माप बोलायचा, ती त्यावर एक आकडा सांगायची, तो कागदावर खूण करायचा.

आणि इथं एक चूक झाली, शिवणकामाच्या घरातच होईल अशी. तिने प्रत्येक मापात दोन बोटं जास्तीची धरली. वाढत्या अंगाची. तुमचे शाळेचे कपडे आठव, बाह्या दुमडलेल्या, दुमड आत धरलेली, पुढच्या वर्षी सोडायची. तोच हात, तीच सवय. ती सवयीने सांगत गेली, साहेब खुणा करत गेला, मामाने खुणेबरहुकूम पत्रा कापला, आणि माझ्यासारखा चलाख माणूस शेजारी बसून इंजिनाच्या नळ्या घासत होता. साइडकार जोडली, पहिल्यांदा तिला उचलून आत ठेवली, तर ती आत हरवली. त्या मापाची ती राहिलीच नव्हती. होती त्याहून कमी झाली होती, आणि वरून ती जास्तीची बोटं. आम्ही तिघे तीन बाजूंनी उभे. मामा पत्र्याला बोट लावून बघत राहिला, जणू पत्र्याचंच काही चुकलं. मग तीच म्हणाली, 'असू दे. होईल अंगाला.'

त्यानंतर साहेब उश्या शिवायला लागला. चिंध्यांना आपल्याकडे तोटा नव्हता. तिच्या कापलेल्या कापडांचे उरलेले तुकडे पोत्यात भरून ठेवले होते तिने, काही टाकायची नाही. तो ऑफिसातून आला की एक उशी भरायचा, पाठीशी एक, मानेशी एक, गुडघ्याखाली एक. पुढच्या आठवड्यात त्या सैल पडायच्या. तो आणखी शिवायचा. त्याचा टाका आता सरळ येतो, भिंगरी. मी दुसऱ्या खोलीतून ऐकलाय. थांबत नाही, अडखळत नाही. तिच्यासारखा.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी अंगणात नाचायचंच बाकी होतं. साहेबाचं म्हणणं पडलं की चांगला नवा सायलेन्सर लावू, आईला आवाजाचा त्रास नको. तिने शब्द एकेक करून जुळवले आणि म्हणाली, तोच आवाज. तोच म्हणजे कुठला, ते मला बरोबर कळलं. फाटकाबाहेर मी वळणावर यायच्या आधीच ती मैत्रिणींना म्हणायची, चला, मेकॅनिक आला. पण जुना सायलेन्सर गंजून चाळणी झाला होता, त्यामुळे तो आवाज बनवावा लागणार होता. मी नळी कापून आखूड करायचो, आतली जाळी मागेपुढे सरकवायचो, गाडी चालू करायचो. मला वाटत होतं तो आवाज माझ्या लक्षात आहे. नव्हता. मी तो कधी लांबून ऐकलाच नव्हता, मी कायम त्याच्यावर बसलेलो. ऐकणारी ती होती. म्हणून तिला आतल्या खोलीत बसवलं. आवाज बरोबर नसेल तर तिने डोळे मिटलेले ठेवायचे, बरोबर असला की उघडायचे. मी बाहेर अख्खी सकाळ नळी कापत होतो आणि साहेब आतून ओरडत होता, नाही. नाही. अजून नाही. मग एकदा तो ओरडला नाही. मी आत गेलो तर डोळे उघडे, आणि ती दाराकडे बघत होती, फाटकातून बाहेर पडताना बघायची तशी.

तोवर तिचा आवाज दोऱ्याएवढा बारीक झाला होता. साहेबाला कळायचा नाही, मामाला नाही, घरी येणाऱ्या नर्सबाईंना तर नाहीच. मला कळायचा. मी तिची खुर्ची उजेडाकडे वळवून समोर बसायचो, ती बोलायची आणि मी सगळ्यांना सांगायचो. पाणी. पाय सरळ करा. मांजराला हाकलू नका. मामाला म्हणावं भुवईला तेल लाव. तुझा फोन आला की तो तिच्या तोंडाशी धरायचा, आणि ती जे म्हणेल ते मी तुला मोठ्याने सांगायचो. आठवतं ना? तू म्हणायचीस, बाबा, तुमच्या कानांमुळे आई मला मिळतेय. मी आपलं म्हणायचो, अगं शंभर मशीनं चालू असली तरी. आणि ती गालात हसायची. गाल शाबूत होते शेवटपर्यंत.

निघायचा दिवस उजाडला. सकाळची वेळ, ऊन कोवळं, रस्ता रिकामा. साहेबाने तिचे केस विंचरले, वाईट विंचरले, तिने चालवून घेतलं. डोक्याला जाड रुमाल बांधला, दोन्ही बाजूंनी उश्या लावून डोकं समोर धरलं. मामाने कपाटाची मूठ फिरवून दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली, आत दागिने ठेवल्यासारखी. आम्ही निघालो. मागून साहेब आणि मामा स्कूटरवर. भाजीवाली उठून उभी राहिली. धारवाला दुकानातून बाहेर आला आणि त्याने हात वर केला. जुन्या कारखान्याजवळ आलो. तिथं आता कसलं तरी गोदाम आहे, पण फाटक तेच. मी गाडी हळू केली, उगाच एकदा गिअर काढून आवाज चढवला. मग कालव्याच्या सरळ रस्त्याला लागलो.

आणि मला साखळीतून टिक् टिक् ऐकू यायला लागली. बारीक होती, दुसऱ्या कुणाला आली नसती. आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी सगळा जीव कानात गोळा करून ती टिकटिक ऐकत बसलो. ढिली आहे की कोरडी आहे, घरापर्यंत जाईल की नाही. त्यात ती बोलली. मला एवढंच समजलं की ती बोलली. इंजिनाच्या आवाजाखाली काहीतरी हलल्यासारखं झालं. पाणी, उशी, असं एका शब्दाचं नव्हतं. लांब होतं, अख्खं वाक्य होतं, तिने बऱ्याच दिवसांत एवढं मोठं काही म्हटलं नव्हतं. समोरून ट्रक येत होता. मी मोठ्याने हो म्हणालो. ट्रक गेल्यावर खाली वळून बघितलं, तर ती समोर बघत गालात हसत होती.

घरी आलो. मामा अंगणात सगळ्यांना टाळ्या देत होता. तिला उचलून पलंगावर ठेवली, ती दमून डोळे मिटून पडली. तेव्हा विचारायचं होतं, काय म्हणालीस ग मघाशी? पण इतक्या वर्षांत मी तिला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. या घरात सगळ्यांनी सगळ्यांना विचारायचा, मी नाही. म्हटलं, उठेल तेव्हा बोलेलच, तेव्हा कळेल. आणि मी साखळीला तेल घालायला गेलो. दुसऱ्या सकाळी तिचा श्वास अडखळायला लागला. ते मात्र मला लगेच ऐकू आलं. दवाखान्यात तिला मास्क लावला, नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकणारा. त्याच्या आत ती बोलू बघायची. साहेब म्हणायचा, बाबा, आई काय म्हणतेय? नर्सबाई म्हणायच्या, विचारा ना, तुम्हाला कळतं. मी मास्कला कान लावायचो. आत नुसती वाफ जमायची आणि जायची. तो मास्क निघाला तेव्हा बोलायला ती नव्हती.

गाडी अंगणात आहे, ताडपत्रीखाली. मामा विचारत होता, साइडकार सोडवून ठेवू का. मी नको म्हणालो. उश्यासुद्धा आतच आहेत. मांजर तिथं झोपते. साहेब अधूनमधून ताडपत्री उचलून बघतो आणि परत टाकतो.

आता तुझा प्रश्न. स्कूटरवरून साहेबाने बघितलं की आई काहीतरी बोलली आणि बाबा हो म्हणाले, आणि ते त्याने तुला सांगितलं. म्हणून तू विचारलंस, आई काय म्हणाली? माझ्यासाठी काही होतं का, बाळासाठी काही होतं का, जे असेल ते मला हवं. मी दुकानात बसून वाक्यं बनवली, भिंगरी. चांगली झाली. एक तर इतकं छान झालं की माझेच डोळे भरले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्या मशीनचं काही खरं नाही. तू विश्वास ठेवला असतास. माझ्या कानांवर या घरात कुणी कधी शंका घेतलेली नाही. पण तू ते जपून ठेवशील, पोरीला मोठी झाल्यावर सांगशील, आणि ते तिच्या मापाचं नसेल, माझ्या मापाचं असेल. म्हणून लिहितोय की ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. मी कशाला हो म्हणालो तेही माहीत नाही. मशीनचं मला ऐकू येतं, ते खोटं नाही. माणसांचं मला दिसायचं. तसल्या गोंगाटात काम करणारी माणसं ओठ वाचायला शिकतात, मी इतरांपेक्षा लवकर शिकलो, आणि तुझ्या आईला हे पहिल्यापासून माहीत असावं, नाहीतर ती एवढी हसली नसती. बटणाचं ते वाक्यही मला ऐकू आलं नव्हतं. डोळे मिटल्यासारखे करून मी तिच्याकडे बघत होतो.

तुझाच,
बाबा